मापाडी

तुर्भ्याच्या बाजारात मी कांदा मोजतो.
गोणी काट्यावर पडायच्या आधीच
खांद्याला कळतं : एक्कावन्न, साडेबावन्न,
ही ओली आहे, हिच्या तळाला माती आहे.
बारा वर्षं झाली. काटा माझ्या मागून बोलतो.

वर्षातून एकदा खाकी पाकिटात पत्र येतं
आणि मी पलंगाखालून बूट ओढतो.
पेढीवर शेठ म्हणतो, "जा बाबा, देशसेवा कर."
तीस दिवसांची तोलाई बदलीवाल्याची.
त्यात शेठची चूक नाही,
जो मोजतो, त्याची तोलाई.

तळोजा. कारखान्यांमागचं मैदान,
वारा फिरला की जिभेवर औषधाच्या गोळीची चव.
साडेचारला शिट्टी. मगभर चहा, दोन शक्करपारे.
मग खारघरच्या डोंगराकडे, पाठीवर वीस किलो.
(वीस नाही. अठरा आणि सहाशे.
हे मी कुणाला सांगितलं नाही.)

जेवण अकराला येणार होतं.
एकला सुभेदार येसुगडे म्हणाले, गाडी पंक्चर आहे.
अडीचला गुलाब मढवी,
जो एरवी घणसोलीत पोरांना पोहायला शिकवतो,
बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत न बोलता आडवा झाला.
फय्याज मुकादमने खिशातून चिंच काढली,
चौघांनी चोखली, चिंचोके मोजून परत दिले.
का, ते आता आठवत नाही. हसलो मात्र खूप.

तीन दहाला गाडी.
कागदात पुऱ्या, बटाट्याची भाजी, एक अंडं.
पाकीट तळव्यावर आलं
आणि हात, मेला, बोललाच :
दोन पुऱ्या कमी.

लंगरच्या दाराशी फळा आहे.
माणशी आटा, माणशी डाळ, माणशी तेल,
खडूने, ग्रॅममध्ये, सुंदर अक्षरात.
चव्वेचाळीस माणसं, तीस दिवस, दोन पुऱ्यांचा आटा :
एक गोणी आणि वर सोळा किलो.
गोणी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
गोणी कुणाच्या तरी घरी जाते.

संध्याकाळी दरबार. "किसी को कोई तकलीफ?"
सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं.
मी उभा राहिलो आणि आकडा बोललो.
नुसता आकडा. पुढे-मागे काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून आटा माझ्यासमोर तोलला गेला.
पाकीट भरलं. जवानांनी पाठ थोपटली.
स्वयंपाकी सुखदेव घोणे काही बोलला नाही,
फक्त रात्री चूल लवकर विझवली.

रात्री एकला मढवी पहाऱ्यावरून आला,
लंगरचं दार ढकलून बघितलं, परत गेला.
तेव्हा आठवलं.
गेल्या आठवड्यात पहाऱ्यावर मीही होतो.
एकलाच घोणे आला होता, अंधारात, चप्पल न वाजवता,
कागदात दोन पुऱ्या, गुळाचा खडा.
मला वाटलं होतं, असतील फळ्यावर.
सकाळी मी फळा पुन्हा वाचला, वरून खाली.
पहाऱ्याच्या नावाने एक ग्रॅमही नव्हता.

घोणेकडे गेलो. तो कांदा चिरत होता.
"किती किलो आहे?" त्याने विचारलं, वर न बघता.
मी सांगितलं.
"बरोबर," म्हणाला. "तुझं नेहमी बरोबरच असतं."

भत्त्याचं बिल वर गेलंय, असं कारकून जुलैत म्हणाला,
ऑगस्टमध्येही वरच होतं.
घरी हप्ता थकला, बायकोने भिशी अर्ध्यात सोडली.
गणपतीच्या तोंडावर फोन टिणटिणला.
काट्याशी उभ्यानेच हिशेब केला :
सव्वीस दिवसांचे. चार कमी.

अर्ज कसा लिहायचा ते मला येतं.
कागद आहे, पेन कानावर आहे.
शेठ ओरडतोय, लासलगावची गाडी लागली.
मी पहिली गोणी खांद्यावर घेतो
आणि आज, कशी कोण जाणे,
काटा आधी बोलतो.